रिप प्रवाह

रिप प्रवाह : फुटणाऱ्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी पुन्हा समुद्राकडे वाहून नेणारा अरुंद व जोरदार प्रवाह. ज्या किनाऱ्यावर लाटा फुटतात अशा बहुतेक सर्व किनाऱ्यांवर, मग ते महासागराचे असोत वा मोठ्या सरोवरांचे, तो आढळतो. त्याची रुंदी सामान्यतः काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत असते. किनाऱ्यापासून निघून लाटांचा फुटण्याचा पट्टा ओलांडेपर्यंत तो जोरात वाहतो व त्यापलीकडे पसरून विरून जातो. पोहणाऱ्यांच्या व पाण्यात उभे राहणाऱ्यांच्या दृष्टीने वालुकामय किनाऱ्यावरील हा सर्वांत मोठा धोका होय. अमेरिकेत दरवर्षी शंभराहून अधिक माणसे या प्रवाहामुळे बुडून मरतात, असा तेथील जीवरक्षक संघटनेचा अंदाज आहे. लाटांच्या पट्ट्यात जीवरक्षकांना ज्यांची सुटका करावी लागते, त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक लोक याच प्रवाहात सापडलेले असतात. या प्रवाहाचा विशेष असा की, ज्या जागी तो वाहतो तेथे लाटा कमी फुटतात. त्यामुळे किनाऱ्यावरील इतर जागांपेक्षा तीच जागा अनभिज्ञ माणसाला अधिक शांत व सुरक्षित वाटते.

जीवरक्षकांना व कोळ्यांना हा प्रवाह पूर्वीपासून परिचित होता. तथापि त्याला ‘भरतीची ओढ’ किंवा ‘तळओढ’ अशी चुकीची नावे दिली जात. भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये या नावांतील गोंधळ दाखवून देऊन ‘रिप प्रवाह’ ही संज्ञा सुचविली. १९४१ मध्ये त्यांनी के. ओ. एमरी व ई. सी. लाफाँड यांच्यासह या प्रवाहाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हा प्रवाह भरती-ओहोटीमुळे निर्माण होत नाही, तो लाटांमुळे निर्माण होतो. भरती-ओहोटीने फक्त त्याचा जोर कमीजास्त होतो. तसेच तो माणसाला पाण्याखाली ओढीत नाही, तर पृष्ठभागावरच किनाऱ्यापासून दूर नेतो. हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. आपण खाली ओढले जात आहोत अशी समजूत झालेला मनुष्य धडपड करतो, घाबरतो व थकतो. आणि थकल्यावर खरोखरच खाली जातो.

उत्पत्ती : लाट ज्या खोलीवर फुटते, ती खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट असते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात फुटते. पुष्कळ किनाऱ्यांच्या तळावर काठाला समांतर असे वाळूचे लांबट उंचवटे असतात. त्यांना येथे दांडे म्हटले आहे. दांडा सलग नसतो, त्यात मधूनमधून खिंडी असतात. दांड्यावर पाणी उथळ असल्याने लाटा तेथे जोराने फुटतात. खिंडीत पाणी खोल असल्याने त्या कमी फुटतात किंवा फुटतच नाहीत. फुटणारी लाट आपले संवेग पाण्याला देते व त्या योगे किनाऱ्यालगतची सरासरी जलपातळी किंचित उंचावते. हे उंचावणे खिंडीसमोर कमी व दांड्यामागे जास्त असते. दोन्हींतील फरक काही सेंटीमीटरांचाच असतो, पण पाणी वाहू लागण्यास तेवढा पुरतो. दांड्यामागील पाणी किनाऱ्याला समांतर दिशेने खिंडीकडे धावते, दोन्ही बाजूंचे लोट एकत्र येतात आणि खिंडीतून समुद्राकडे बाहेर पडतात. मायकेल लाँगेट-हिगिन्स व आर. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडलेल्या प्रारण प्रतिबलाच्या सिद्धांतामुळे (लाटांबरोबर वाहून येणाऱ्या संवेगाचा हिशेब मांडणाऱ्या सिद्धांतामुळे) या क्रियेचे गणिती विवेचन शक्य झाले. १९६९ मध्ये ए. जे. बोएन यांनी त्याच्या आधारे रिप प्रवाहाचा सिद्धांत मांडला.

प्रवाहाचे तीन भाग कल्पिले जातात. किनाऱ्याला समांतर वाहत येऊन त्याला पाणी पुरविणारे पोषक प्रवाह, खिंडीतून जाणारी अरुंद व सर्वांत वेगवान ग्रीवा, आणि लाटांच्या पट्ट्यापलीकडे छत्रीसारखे पसरणारे शीर्ष. पोषक प्रवाहांकडे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक, गुडघाभर पाण्यात खेळणारे मूल आई-वडिलांच्या नजरेसमोरून हळूहळू बाजूला सरकत जाते ते याच प्रवाहामुळे. ते सरकत खिंडीच्या तोंडाशी पोहोचते, तोपर्यंत काही विपरीत घडत असल्याचे कोणाच्याच लक्षात येत नाही.

ग्रीवेतील वेग सामान्यतः सेकंदाला ०·३ ते ०·६ मी. असतो, क्वचित प्रसंगी तो २·४ मी.पर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. पन्नास मीटरच्या शर्यतीतील जगातील सर्वांत वेगवान पोहणाऱ्यांचा वेगही सुमारे तेवढाच असतो. सेकंदाला अर्धा मीटर हा वेग कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु त्या वेगाने माणूस एका मिनिटात ३० मी. दूर जातो, आणि सामान्य पोहणाऱ्याने सर्व शक्ती लावून किनाऱ्याच्या दिशेने हात मारले तरी तो जागच्या जागी राहतो. शिवाय प्रवाह एकसारखा वाहत नाही. मोठ्या लाटा बहुधा थव्याने येतात. असा थवा येऊन फुटला की पुढील काही मिनिटे प्रवाहाचा जोर अकस्मात वाढतो. ‘इतका वेळ काहीच नव्हते आणि एकदम ओढ आली’ असे वाचलेले लोक सांगतात, त्याचे कारण हे होय.

प्रकार : वाळूच्या खिंडीत वाहणारे प्रवाह त्याच जागी काही दिवस, कधी काही आठवडेही टिकतात, मोठ्या वादळात दांड्यांची रचना मोडली म्हणजे ते नाहीसे होतात किंवा जागा बदलतात. म्हणून मागील वर्षी सुरक्षित असलेली जागा यंदाही सुरक्षित असेलच असे नाही. दुसरा प्रकार भूशिर, खडक, धक्का किंवा लाटरोधक बंधारा यांच्या कडेने वाहणाऱ्या प्रवाहांचा. अडथळ्याशी आलेले पाणी समुद्राकडे वळते. हे प्रवाह जवळजवळ कायमचे असतात. तिसरा प्रकार क्षणिक प्रवाहांचा. ते तळरचनेशी संबंध नसताना लाटांच्या अनियमिततेमुळे कोठेही उद्‌भवतात व काही मिनिटांत विरतात. ते आधी ओळखता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील एल. डी. राइट व ए. डी. शॉर्ट यांनी १९८४ मध्ये किनाऱ्यांचे वर्गीकरण करून दाखविले की, अगदी सपाट व अगदी उभ्या उताराच्या अशा दोन टोकांच्या दरम्यान असलेल्या किनाऱ्यांवर रिप प्रवाह विशेष प्रमाणात आढळतात.

सिडनीजवळील बाँडाय किनारा या विषयाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याच्या दक्षिण टोकाला खडकाच्या कडेने वाहणाऱ्या प्रवाहाला तेथील लोकांनी ‘बॅकपॅकर्स रिप’ असे नाव दिले आहे. कारण बसमधून उतरणारे परदेशी प्रवासी नेमके तेथेच पाण्यात शिरतात. याच किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी, रविवारी, लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनंतर दांड्यावर उभे असलेले शेकडो लोक परतणाऱ्या पाण्याबरोबर खोल पाण्यात ओढले गेले. त्या दिवशी जीवरक्षक मोठ्या संख्येने उपस्थित होते, म्हणून सुमारे अडीचशे लोकांना बाहेर काढता आले; पाच जण दगावले. जीवरक्षक नसते तर ही संख्या किती झाली असती याची कल्पना करणे कठीण नाही.

भारतातील परिस्थिती : भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर रिप प्रवाह आढळतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, लाटा सर्वांत उंच असतात. त्या काळात किनाऱ्याची वाळू ओढली जाऊन काही अंतरावर तिचे दांडे बनतात. पावसाळा संपल्यावर सौम्य लाटा ती वाळू हळूहळू परत काठाशी आणतात. या संक्रमणाच्या काळात आकाश निरभ्र असते, वारा मंद असतो, सहलींचा हंगाम सुरू झालेला असतो; परंतु तळावरील दांडे व खिंडी अजून मोडलेल्या नसतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो ही कोळ्यांची समजूत होडी हाकण्यापुरती योग्य आहे. लाटांच्या पट्ट्यात उभे राहणाऱ्याला ती तशीच लागू करता येणार नाही. शिवाय लाटा स्थानिक वाऱ्यानेच येतात असेही नाही. दक्षिण महासागरातील वादळांत उत्पन्न झालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून भारताच्या किनाऱ्यावर पोहोचतात. केरळात अशा अनपेक्षित उसळीला ‘कळ्ळक्कडल’ म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांविषयी पूर्वसूचना देते. सहलीला निघण्यापूर्वी ती पाहणे इष्ट ठरते.

कोकणातील अनेक पुळणी दोन भूशिरांमध्ये वसलेल्या आहेत. तेथे खडकांच्या कडेने वाहणारे प्रवाह संभवतात, आणि छायाचित्रासाठी लोक नेमके त्याच कडेला जातात. मुंबईतील अक्सा व रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे हे किनारे बुडण्याच्या वारंवार होणाऱ्या दुर्घटनांमुळे कुप्रसिद्ध आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. भारतातील अशा मृत्यूंची नोंद बहुधा ‘बुडून’ एवढीच होते. तो प्रवाह होता, वाढती भरती होती की खाडीची ओढ होती याची चौकशी क्वचितच केली जाते. त्यामुळे कोणत्या किनाऱ्यावर कोणती जागा टाळावी, हे ज्ञान गावातील चार जाणत्यांपुरते मर्यादित राहते. किनाऱ्यावरील फलकावर बुडालेल्यांची संख्या लिहिण्यापेक्षा प्रवाहाची जागा बाणाने दाखविली तर त्याचा अधिक उपयोग होईल.

भरती-ओहोटीशी संबंध : खिंडीतून वाहणारे प्रवाह सामान्यतः ओहोटीच्या उत्तरार्धात व नीचतम पाण्याच्या सुमारास सर्वांत जोरदार असतात. त्या वेळी दांड्यांवरील पाणी उथळ होऊन लाटा तेथे अधिक फुटतात आणि परतणाऱ्या पाण्याला खिंडीवाचून वाट उरत नाही. पूर्ण भरतीत दांडे खोल बुडाल्यामुळे प्रवाह बहुधा मंदावतो. भूशिरांच्या कडेचे प्रवाह मात्र या नियमाला बांधलेले नाहीत.

मुंबई व लगतच्या कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा येथे उपयोगी पडतो. तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची स्थूल वेळ मिळते. उदा., अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला व मध्यरात्री, ओहोटी पूर्ण. यात तासाभराची चूक संभवते, म्हणून नेमकी वेळ कोष्टकावरूनच पाहावी. परंतु ठोकताळ्यावरून काही गोष्टी लक्षात येतात. अष्टमीच्या आसपास जेवणाआधी समुद्रात शिरणारी सहल नीचतम पाण्यात शिरते. पौर्णिमेला व अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते व सूर्यास्त पाहण्यास जमलेली गर्दी ऐन ओहोटीत पाण्यात उतरते. शिवाय या दिवसांत उधाण असल्याने पाणी फार दूरवर हटलेले असते. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची गर्दी दुपारनंतर चौपाट्यांवर लोटते, तेव्हाही चौदाची पाऊणपट साडेदहा या हिशेबाने ओहोटी पाचच्या सुमारास पूर्ण होते आणि त्यानंतर अंधार पडत असताना भरती चढू लागते.

खाडीच्या मुखातील ओहोटीचा प्रवाह मात्र याहून वेगळा आहे. तो खऱ्या अर्थाने भरती-ओहोटीचा प्रवाह असून तासन्‌तास एकाच दिशेने वाहतो व माणसाला पुष्कळ दूर नेऊ शकतो. रिप प्रवाहाविषयी पुढे दिलेला उपाय तेथे पुरेसा नाही. खाडीच्या मुखाशी पोहू नये, एवढेच सांगता येईल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी ओहोटीत पायी गेलेले लोक चढत्या भरतीने अडकतात, तो धोकाही निराळा.

ओळखण्याच्या खुणा : पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूच्या टेकाडासारख्या उंच जागेवर उभे राहून पाच ते दहा मिनिटे लाटा पाहाव्यात. एखाद-दुसरी लाट पाहून काही कळत नाही. मोठ्या लाटांचा थवा येऊन जाईपर्यंत थांबावे लागते. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रांगेत एकाच जागी वारंवार खंड पडत असेल, तेथे पाणी अधिक गडद दिसत असेल, आजूबाजूला मोठा फेस असता त्या पट्ट्यात फक्त बारीक खवले उठत असतील, किंवा फेस, शेवाळ, काड्या समुद्राकडे जात असतील, तर तो रिप प्रवाह समजावा. लाटांच्या पलीकडे गढूळ पाण्याचा फुगारा दिसणे हीही एक खूण ग्रंथांत सांगितलेली असते, पण मुंबई व उत्तर कोकणात पाणी मुळातच गढूळ असल्याने तिचा फारसा उपयोग नाही. काठावरच्या वाळूत अर्धचंद्राकार खोलगट बाक असेल तर त्याच्या समोर खिंड असण्याचा संभव असतो. सिडनी येथील किनारा-अभ्यासक रॉब ब्रँडर हे पाण्यात जांभळा रंग सोडून प्रवाहाची वाट लोकांना दाखवितात. रंगाचा पट्टा काही मिनिटांत समुद्राकडे जाताना पाहिल्यावर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला आणखी एक अडचण आहे. दुपारनंतर सूर्य समोर येतो व पाण्यावरील चकाकीत या सर्व खुणा लोपतात. आणि गर्दी होते ती सायंकाळीच. म्हणून पाहणी सकाळी करावी व खिंडीची जागा किनाऱ्यावरील एखाद्या माडावरून किंवा खांबावरून ध्यानात ठेवावी. सरावाशिवाय या खुणा ओळखणे कठीण असते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे स्वतःच्या नजरेवर भिस्त ठेवण्यापेक्षा जीवरक्षक असलेलाच किनारा निवडणे अधिक शहाणपणाचे. गोव्यात २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे. वरचा अर्धा भाग तांबडा व खालचा पिवळा असलेले दोन ध्वज लावलेले असतील तर त्यांच्या दरम्यानच पाण्यात राहावे. केवळ तांबडा ध्वज म्हणजे पाण्यात उतरू नये असा इशारा होय.

प्रवाहात सापडल्यास : आपल्याकडे पाण्यात उतरणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पोहता येत नाही व ते अंगावरच्या पूर्ण कपड्यांनिशी उतरतात. अशांनी गुडघ्यापलीकडे जाऊ नये. ‘पायाखालची वाळू सरकली’ असे जे सांगितले जाते, त्याचा अर्थ बहुधा असा की, माणूस घळीच्या कडेवर उभा होता. परतणाऱ्या पाण्याने पावलांभोवतीची वाळू नेली आणि दोन पावलांत कमरेचे पाणी गळ्यापर्यंत आले. पाय टेकत असतील तोपर्यंत प्रवाहाच्या आडव्या दिशेने, जेथे लाटा फुटत आहेत तिकडे, चालत निघावे.

पाय सुटल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये. पुष्कळ मृत्यू या प्रयत्नाने आलेल्या थकव्यामुळे होतात. किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, असा सल्ला अनेक दशके दिला जात असे. अलीकडे त्यात दुरुस्ती झाली आहे. जेमी मॅकमॅहन व सहकाऱ्यांनी उपग्रहांद्वारे स्थाननिश्चिती करणारी तरंगती उपकरणे प्रवाहात सोडून केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की, बहुसंख्य उपकरणे खोल समुद्रात न जाता लाटांच्या पट्ट्यातच गोलाकार फिरत राहिली व काही मिनिटांनी दांड्यावरील उथळ पाण्याकडे परत आली. त्यामुळे प्रथम उताणे तरंगत राहून श्वास सांभाळावा व एक हात उंचावून मदत मागावी, हा उपाय पुढे आला. तथापि तोही सर्वत्र लागू पडत नाही; काही प्रवाह सरळ पट्ट्याबाहेर जातात, विशेषतः भूशिरांच्या कडेचे. समांतर पोहतानाही चुकीच्या बाजूला वळल्यास पोषक प्रवाह समोरून येतो. सारांशाने एवढेच निश्चित म्हणता येते की, तरंगणे आधी व पोहणे नंतर. एका बाजूला जमत नसेल तर दुसरीकडे वळावे, आणि जेथे लाटा फुटून पांढऱ्या होत आहेत तेथे जावे, कारण तेथेच पाणी उथळ असते व लाटा किनाऱ्याकडे ढकलतात. भ्यालेल्या माणसाला फुटती लाट शत्रूसारखी वाटते व शांत पाणी आश्रयासारखे. त्या क्षणी याच्या उलट वागावे लागते, म्हणून ही गोष्ट काठावर असतानाच मुलांना सांगून ठेवावी.

दुसरा बुडत असल्यास : एकाच कुटुंबातील किंवा एकाच गटातील दोन-तीन माणसे एकाच वेळी बुडाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा त्यांत बहुधा पहिल्याला वाचविण्यास धावलेले लोक असतात. प्रशिक्षण व तरंगते साधन नसताना पाण्यात उडी घेऊ नये. जीवरक्षकाला हाक मारावी, ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, बुडणाऱ्याला हातवाऱ्यांनी ‘तरंगत राहा’ असे सुचवावे आणि जे तरंगते ते त्याच्याकडे फेकावे. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, चेंडू, मोटारीच्या चाकाची फुगविलेली ट्यूब, कोळ्यांच्या जाळ्याचे बोये यांपैकी काहीही चालते. एकाने त्या माणसावरून नजर हलवू देऊ नये. लाटांत डोके क्षणभर दिसेनासे झाले की जागा पुन्हा सापडत नाही. गावात होडी असेल तर ती आणण्यास कोणाला तरी ताबडतोब पाठवावे.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगरा फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या रूढ उपचारांनी केवळ वेळ जातो; पोट दाबल्याने उलटी श्वासमार्गात जाण्याचा धोकाही असतो. तो श्वास घेत नसेल तर उताणे निजवून, डोके मागे कलवून, नाक चिमटीत धरून तोंडावाटे प्रथम श्वास द्यावा. बुडालेल्याच्या बाबतीत प्राणवायूचा अभाव हे मूळ कारण असल्याने श्वास देणे टाळू नये. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब व दोन श्वास असा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून ठेवतात. फुप्फुसांत पाणी गेलेला मनुष्य शुद्धीवर येऊन बोलू लागला, तरी पुढील काही तासांत त्याचा श्वास पुन्हा बिघडू शकतो. म्हणून त्याला घरी न नेता रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवावे लागते.